सर्पिलाचे बाहेरचे वेढे अखेर गोल आले

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या पायऑटोगुई लायब्ररीने (ती माउस आपोआप हलवते) माउस फिरवून चित्रफलकावर आर्किमिडीजचं सर्पिल काढत होतो. सूत्र अगदी साधं: त्रिज्या = क × कोन, इथे क हा ठरावीक आकडा. कोन रेडियनमध्ये (पूर्ण वेढा म्हणजे ६.२८ रेडियन), म्हणून दोन वेढ्यांतलं अंतर कायम ६.२८ × क.

कोन दर खेपेला ०.२ ने वाढवला की मध्यभागी बिंदूंची नुसती गर्दी होते. बाहेर मात्र त्रिज्या ३०० पिक्सेल झाली की एकेक रेघ ६० पिक्सेलची, आणि वेढ्याला चक्क कोपरे दिसतात. कोनाची वाढ सरसकट कमी केली तर काम रेंगाळतं, कारण ही लायब्ररी मुळात प्रत्येक आज्ञेनंतर ०.१ सेकंद थांबते.

इलाज: कोन नव्हे, रेघेची लांबी कायम ठेवायची. कोनाची वाढ = ८ ÷ √(त्रिज्या² + क²). नुसत्या त्रिज्येने भागलं तर केंद्रातच शून्याने भागाकार होऊन स्क्रिप्ट अडते. क² मुळे ते टळतं. आता प्रत्येक रेघ साधारण ८ पिक्सेलची. फार देखणं दिसतं!

प्रत्येक आज्ञेनंतरचा थांबा ०.०१ सेकंदावर आणला. पडद्यावर वाय-अक्ष खाली वाढतो, तेव्हा वेढा उलटा फिरला तर वाय = त्रिज्या × साइन(कोन) यातल्या साइनचं चिन्ह बदला. फेलसेफ मात्र बंद करू नका. कर्सर पडद्याच्या कोपऱ्यात नेला की स्क्रिप्ट थांबते.