युरियाचं पोतं फोडण्याआधी या चुका टाळा

युरिया फेकला म्हणजे पिकाच्या पोटात गेला, ही पहिली गैरसमजूत. मातीत तो आधी अमोनियम होतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रोस्पायरा, नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट. या मंडळींना हवा लागते, आंबट माती मानवत नाही. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहतं; नायट्रेट पाण्याबरोबर चालायला लागतं.

माझ्या भाच्याने नोकरी सोडून गोव्यात डिचोलीत वायंगण, म्हणजे पाटाच्या पाण्यावरचं उन्हाळी भात, केलं. युट्युबवर शिकलेला, घाई भारी. नुसत्या ओल्या चिखलावर त्याने युरिया उधळला आणि पाटाच्या पाण्याची वाट बघत बसला. पाणी दहा दिवस आलं नाही. जमीन भेगाळली, आत हवा शिरली आणि जिवाणूंनी नायट्रेट करायला घेतलं. मग पाणी आलं, कोंडा (भाताचं खाचर) वीतभर भरला. हवा कोंडल्यावर दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनी नायट्रेटातला ऑक्सिजन ओढला, नत्र वायू होऊन उडालं. पात पिवळी ती पिवळीच. ‘मामा, आणखी एक पोतं मारू?’ म्हटलं, 45 किलोच्या पोत्यात जेमतेम 20 किलो नत्र, त्यातलंही वाऱ्याला किती देणार?

मी काय करतो? आधी मेरेवरची, म्हणजे बांधावरची, कुर्ल्यांची भोकं बुजवतो. पाणी दारात आहे याची खात्री झाल्यावर कोंडा निथळवतो, युरिया चिखलात कालवतो आणि दुसऱ्या दिवशी पाणी धरतो. खालच्या चिखलात हवा नसते, त्यामुळे अमोनियम अमोनियमच राहतं, आणि भाताला ते चालतं. साचलेल्या पाण्यावर युरिया उधळणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

दुसरी चूक भरडावर, म्हणजे उंचावरच्या जमिनीत, भाजी लावणाऱ्यांची. तांबडी माती आंबट, म्हणून चुना घालतात, चांगलं करतात. पण मजुरी वाचवायला त्याच दिवशी युरियाही! नाकाला झोंबणारा वास आला, की समजा पैसे उडाले. मी मध्ये तीन आठवडे सोडतो.

मिरगाच्या झडीआधी खत नको. कच्चा भुसा मातीत गाडला तर तो कुजवणारे जिवाणूच नत्र खातात. आणि कडुनिंब लावलेला युरिया आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याने जिवाणू मंदावतात, झोपत नाहीत.