एअरलाइनमध्ये पायलट व्हायचंय? फी भरण्याआधी उडणारी विमानं मोजा

बारावीला फिजिक्स आणि गणित हवं. कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलं असेल तर हे दोन विषय एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून देता येतात. त्यासाठी अख्खी बारावी पुन्हा करायला लावणाऱ्यांचं ऐकू नका.

मग मेडिकल. आधी क्लास टू ही प्राथमिक तपासणी, लगेच क्लास वन ही व्यावसायिक पायलटची कडक तपासणी. क्लास वनचा निकाल हातात पडेपर्यंत कुठल्याही फ्लाइंग स्कूलला एक रुपयाही द्यायचा नाही.

डीजीसीए ही विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था. तिचे पेपर, म्हणजे नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र), रेग्युलेशन्स आणि टेक्निकल, उड्डाण सुरू होण्याआधीच काढून टाका. पासिंग ७० टक्क्यांना आहे. दिवसा फ्लाइंग आणि रात्री अभ्यास, असं म्हणणारी मुलं दोन्हीकडे रखडलेली मी पाहिली आहेत.

आता खरी मेख: फ्लाइंग स्कूल निवडणं. सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्ससाठी उड्डाणाचे २०० तास लागतात. त्यात १०० तास पायलट इन कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःकडे), ३०० नॉटिकल मैलांची एक क्रॉस कंट्री (दुसऱ्या विमानतळांपर्यंतचं लांबचं उड्डाण), इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणांवर विसंबून) आणि नाइट फ्लाइंग हे सगळं बसवायचं असतं. खर्च पन्नास लाखांच्या पुढे सहज जातो. आणि मुलं शाळा निवडतात ती ब्रोशर बघून!

माझे तास इथेच अडकले होते. शाळेच्या यादीत विमानं भरपूर होती. प्रत्यक्षात एका सेसना या छोट्या ट्रेनिंग विमानाचं इंजिन उतरवलेलं, दुसऱ्याचा प्रोपेलर ओव्हरहॉलला गेलेला आणि तिसरं स्पेअर पार्टची वाट बघत हँगरच्या कोपऱ्यात, पंखांवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. रोज सकाळी सहाला युनिफॉर्म घालून बसायचं आणि दुपारी रूमवर परतायचं. हप्ते मात्र वेळेवर जात होते.

म्हणून शाळेत स्वतः जा आणि दोन-तीन दिवस राहा. गोंदिया असो, बारामती असो की उत्तर प्रदेशातलं फुरसतगंज, पद्धत एकच. ऑफिसात बसू नका, विमानं उभी असतात तिथे जा. आज किती विमानं उडाली आणि किती इन्स्ट्रक्टर हजर होते ते मोजा. मग गणित मांडा. दहा विमानं रोज पाच-पाच तास उडाली तर पन्नास तास झाले. मुलं शंभर असली तर एकाच्या वाट्याला अर्धाच तास येतो. म्हणजे २०० तासांना चारशे उडण्याजोगे दिवस हवेत. त्यात आपला पावसाळा आणि उत्तरेतलं धुकं धरा. ‘वर्षभरात सीपीएल’ हे आश्वासन या आकड्यांपुढे टिकतं का, ते स्वतःच बघा.

नव्या मुलांशी बोलू नका, ती उत्साहात असतात. दीडशे तास झालेल्यांना गाठा, त्यांचं लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) मागा आणि दोन सॉर्टींमधल्या, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या तारखांचं अंतर बघा. तिथे खोटं बोलता येत नाही.

सगळी फी एकदम भरल्यास सूट मिळेल असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. पैसे झालेल्या तासांप्रमाणे टप्प्याटप्प्यानेच द्यायचे आणि उरलेले परत कसे मिळतील ते लेखी घ्यायचं. आईवडील शेत किंवा घर गहाण टाकून ही फी भरतात, त्यामुळे मला इथे कुणाची भीड वाटत नाही.

अमेरिकेत किंवा दक्षिण आफ्रिकेत तास लवकर होतात हे खरं. पण परत आल्यावर डीजीसीएचे पेपर आणि लायसन्सचं कन्व्हर्जन चुकत नाही. तो वेळ आणि खर्च आधीच धरा.

सीपीएलसोबत मल्टी इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे लायसन्सवरची जादा परवानगी, करून घ्या. टाइप रेटिंगची, म्हणजे एका ठरावीक मॉडेलचं विमान उडवण्याच्या परवानगीची, मात्र घाई नको. इंडिगोचा भर एअरबस ए३२० वर आहे, अकासाकडे फक्त बोइंग ७३७ मॅक्स. एकाचं रेटिंग दुसऱ्याला चालत नाही आणि ते पुन्हा लाखांच्याच घरात जातं. भरती कुठे निघतेय ते बघा, परीक्षा द्या आणि निवडीचं पत्र हातात आल्यावरच तो खर्च करा.