उम्मत्ताट बसवताय? या चुका टाळा

कॉलेजच्या लोकनृत्य संघांना कोडगूचे, म्हणजे कर्नाटकातल्या कूर्गचे, नाच शिकवताना दरवर्षी मला त्याच चुका दिसतात. मुली पहिल्या दिवशी येतात त्या मोबाइलवरचा तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठ करून. पावलं तोंडपाठ असतात, पण आपण गोल कशाभोवती फिरतोय ते एकीलाही माहीत नसतं. उम्मत्ताट हा कोडव, म्हणजे कोडगूच्या मूळ समाजातल्या, बायकांचा नाच. तो कावेरीभोवती फिरतो. मधोमध दिवा असतो किंवा कावेरीचं रूप म्हणून एक जण उभी असते.

सगळ्यात वाईट चूक साडीची. कोडव साडीच्या निऱ्या मागे असतात आणि पदर डाव्या काखेखालून येऊन उजव्या खांद्यावर अडकवलेला असतो. कथा अशी, की अगस्त्यांच्या कमंडलूतून निसटलेली कावेरी बलमुरीला पोचली तेव्हा तिच्या लोंढ्याने तिथल्या बायकांच्या निऱ्या फिरून मागे गेल्या. म्हणजे ती नेसण नदीची खूण आहे. एकदा ऐन कार्यक्रमाच्या गडबडीत एका संघाच्या प्रमुखाने मला न विचारता "मागून कोण बघतंय" म्हणत सगळ्यांना नेहमीच्या निऱ्या घालायला लावल्या. दुसऱ्याच फेरीला कमरेत वाकून पाऊल टाकताना एकीच्या निऱ्या पायात आल्या. हातातली पितळी झांज सुटली आणि घरंगळत थेट दिव्यापाशी गेली.

नाच संपल्यावर एक वयस्कर कोडव बाई आत आल्या. त्या रागावल्या नाहीत. त्या मुलीच्या पिना एकेक काढून त्यांनी स्वतःच्या ओठांत धरल्या, निऱ्यांची चुणी मुठीत घेतली, ती मागे वळवून खोचली आणि एवढंच म्हणाल्या, "आता वाक." मुलगी वाकली, अगदी सहज. त्या दिवसापासून माझ्याकडे पहिली तालीमही साडीतच होते. पंजाबी ड्रेस घालून आलेल्या मुलीला मी बसवून ठेवते.

दुसरी चूक, जिचा मला खरोखर त्रास होतो, ती लयीची. "मॅडम, पब्लिकला कंटाळा येईल" म्हणून गाण्याखाली ढोल घालून ते दुप्पट पळवतात. हा नाच गाण्याच्या श्वासावर चालतो आणि झांज त्या श्वासाला धरून वाजते. लय पळवली की वाकणं उरकलं जातं, हात नुसते आपटतात. मी पहिले आठ दिवस पाय हलवूच देत नाही. गोल बसायचं, गाणं ऐकायचं, झांज वाजवायची. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी दुसरा नाच निवडावा. कोडगूच्या नर्तकी राणी माचय्या यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती हाच नाच जपल्याबद्दल. तीन मिनिटांच्या व्हिडिओत ते काम मावत नाही.

बाकीचं थोडक्यात. प्रेक्षकांकडे तोंड करून रांग लावू नका; गोल मोडला की मधली कावेरी हरवते. दिव्याच्या जागी बॅटरीचा बल्ब ठेवू नका. बोळकाट हा पुरुषांचा नाच, तोही दिव्याभोवती, डमरूसारख्या दुडी या वाद्यावर. त्यात हातात चवरी असते, तिच्या जागी प्लास्टिकचे झुपके देऊ नका. कोलाट या टिपऱ्यांच्या नाचातल्या टिपऱ्या उम्मत्ताटात आणू नका.

आणि पुत्तरी, म्हणजे कोडवांचा सुगीचा सण, बघितल्याशिवाय यातलं काहीही बसवू नका. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पौर्णिमेच्या सुमारास, रात्री शेतात नव्या भाताची पहिली कणसं कापतात, हवेत बंदुकीचा बार काढतात आणि सगळे मिळून "पोली पोली देवा" म्हणतात. पोली म्हणजे वाढ. पुढच्या दिवसांत गावाच्या मंदावर, म्हणजे नाचाच्या राखीव मैदानावर, पुरुष कोलाट खेळतात. तिथे गेलात तर मी करते तसं चप्पल कडेला काढा, मोबाइल खिशात ठेवा आणि निदान एक पूर्ण फेरी नुसती बघा.