डॉक बाजूच्या कडेला कसा न्यावा आणि दोन मॉनिटर असताना तो तिथेच कसा राखावा

डॉक, म्हणजे ॲप उघडण्यासाठी स्क्रीनच्या कडेला असणारी आयकॉनची पट्टी, खालून डावीकडे किंवा उजवीकडे नेणे हे दहा सेकंदांचे काम आहे. खरा प्रश्न उभा राहतो तो लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडल्यावर. डॉक नको त्या स्क्रीनवर जाऊन बसतो, हव्या त्या स्क्रीनवर येतच नाही, किंवा काम चालू असताना एका स्क्रीनवरून दुसरीकडे निघून जातो. यावर मिळणारे बहुतेक सल्ले चुकीच्या जागी बोट ठेवतात, म्हणून या लेखाचा मोठा भाग मी त्याच टप्प्यासाठी राखून ठेवला आहे.

कड निवडणे

आजच्या स्क्रीन आडव्या आणि रुंद असतात. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या स्क्रीनवर ७२ पिक्सेल जाडीचा डॉक कायम खाली ठेवला, तर उंचीचा १५ वा भाग जातो. तोच डॉक बाजूला ठेवला, तर रुंदीचा जेमतेम २७ वा भाग जातो. मजकूर, तक्ते, ईमेलच्या याद्या हे सारे खालच्या दिशेने वाढत जाते आणि वाचताना तुटवडा नेहमी उंचीचा भासतो, रुंदीचा क्वचितच. त्यामुळे डॉक सतत दिसता ठेवायचा असेल, तर तो बाजूलाच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकच स्क्रीन असेल तर मी डावी कड सुचवतो. उजव्या कडेला विंडोची स्क्रोलपट्टी असते आणि मॅकवर डेस्कटॉपवरील आयकॉनही तिथूनच रचले जातात, त्यामुळे त्या बाजूला आधीच गर्दी असते. मॅकच्या डॉकचा पूर्वज मानल्या जाणाऱ्या नेक्स्टस्टेपमध्ये, म्हणजे १९८९ सालच्या प्रणालीत, डॉक उजव्या कडेलाच होता. पण तिथे स्क्रोलपट्टी विंडोच्या डाव्या बाजूला होती आणि दोघांची टक्कर होत नव्हती. दोन मॉनिटर असतील तर मात्र हा निर्णय आताच घेऊ नका. तो मॉनिटरच्या मांडणीवरून ठरतो.

डॉक हलवणे

मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये ‘डेस्कटॉप अँड डॉक’ उघडा आणि ‘पोझिशन ऑन स्क्रीन’समोर ‘लेफ्ट’, ‘बॉटम’ किंवा ‘राइट’ निवडा. याहून जलद मार्ग म्हणजे डॉकमधील विभाजक रेषेवर राइट क्लिक करून त्याच तीन पर्यायांतून निवड करणे, किंवा शिफ्ट दाबून ठेवून ती रेषा हव्या त्या कडेकडे ओढणे. शिफ्ट न दाबता रेषा ओढली तर जागा बदलत नाही, डॉकचा आकार बदलतो.

उबंटू या लिनक्स प्रणालीमध्ये हाच पर्याय ‘सेटिंग्ज’च्या ‘अपिअरन्स’ विभागात आणि नव्या आवृत्त्यांत ‘उबंटू डेस्कटॉप’ विभागात आहे. तिथे ‘पॅनेल मोड’ बंद केला की कडेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली पट्टी आखडते आणि आयकॉनपुरतीच उरते.

विंडोज ११ हे २०२१ मध्ये आले तेव्हा टास्कबार, म्हणजे विंडोजमधील डॉकसारखी पट्टी, बाजूला किंवा वर नेण्याची विंडोज १० मधील सोय त्यात नव्हती; आयकॉन मध्यभागी ठेवायचे की डावीकडे, एवढीच निवड होती. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, फेरफार करून टास्कबार हलवण्याच्या युक्त्या कोणी सांगितल्या तरी त्या करू नयेत, कारण पुढच्या अपडेटनंतर त्या टिकतील याची कसलीही खात्री नसते.

दोन मॉनिटर: खरी अडचण

माझ्या टेबलावर लॅपटॉप डावीकडे होता आणि मोठा मॉनिटर उजवीकडे. काम सारे मोठ्या मॉनिटरवर चाले, म्हणून डॉक त्याच्या डाव्या कडेला असावा, एवढीच माझी इच्छा होती. मी ‘लेफ्ट’ निवडले आणि डॉक लॅपटॉपच्या स्क्रीनवर जाऊन बसला. मोठा मॉनिटर मुख्य म्हणून निवडला, मेनूपट्टी तिकडे गेली, पण डॉक जागचा हलला नाही. लॉग आउट करा, डॉकची प्राधान्ये पुसून टाका, जागा बदलणारे एखादे स्वतंत्र ॲप घ्या, असे तीन सल्ले मला मिळाले आणि तिन्ही पाळूनही काही फरक पडला नाही. डॉकमध्ये कसलाच बिघाड नव्हता, हे समजायला मला अनेक दिवस लागले.

मॅक सगळे मॉनिटर एकमेकांना चिकटवून त्यांचा एकच मोठा पट मानतो. ‘लेफ्ट’ म्हणजे तुमच्या आवडत्या मॉनिटरची डावी कड नव्हे, तर त्या संपूर्ण पटाची डावी कड. म्हणून डॉक सर्वांत डावीकडच्या स्क्रीनवर जातो. ‘राइट’ निवडले तर तो सर्वांत उजवीकडच्या स्क्रीनवर जातो. मुख्य मॉनिटर कोणता, याचा इथे काही संबंध नाही. ‘मुख्य मॉनिटर बदला म्हणजे डॉकही येईल’ हा सल्ला बाजूच्या डॉकच्या बाबतीत म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

या वागण्यामागे योग्य कारण आहे, आणि ते पटले की चिडचिड थांबते. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, लक्ष्य जितके मोठे आणि जितके जवळ, तितका हात तिथे लवकर पोहोचतो. स्क्रीनच्या बाहेरच्या कडेवर कर्सर अडतो, पुढे जाऊच शकत नाही. त्यामुळे कितीही जोरात हात मारला तरी तो नेमका डॉकवर येऊन थांबतो, जणू तिथले लक्ष्य त्या दिशेने अमर्याद मोठे असावे. दोन मॉनिटर जिथे जुळतात त्या आतल्या कडेवर कर्सर अडत नाही, तो सरळ पलीकडच्या स्क्रीनवर जातो. अशा कडेवर डॉक ठेवला तर प्रत्येक वेळी हात जपून थांबवावा लागेल आणि कडेला असण्याचा सगळा फायदा नाहीसा होईल. उबंटूमध्ये डॉक कोणत्या मॉनिटरवर दिसावा हे ‘शो ऑन’मध्ये स्वतंत्रपणे निवडता येते आणि तो आतल्या कडेवर ठेवताही येतो, तरीही मी तसे करू नये असेच सांगेन, आणि डॉक आपोआप लपणारा असेल तर मुळीच करू नये.

तेव्हा टप्पा असा आहे. प्रथम ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘डिस्प्लेज’ उघडा, ‘अरेंज’वर जा आणि तिथे दिसणारे आयत टेबलावरील प्रत्यक्ष मॉनिटरच्या मांडणीशी जुळतात का ते पाहा. बऱ्याचदा ते उलटे असतात: लॅपटॉप टेबलावर उजवीकडे असतो आणि मांडणीत डावीकडे. तसे असेल तर आयत ओढून योग्य जागी ठेवा. मग ज्या मॉनिटरवर डॉक हवा आहे त्याची कोणती बाजू मोकळी आहे, म्हणजे तिला दुसरा मॉनिटर चिकटलेला नाही, ते पाहा आणि डॉक त्या बाजूला न्या. माझ्या बाबतीत उत्तर ‘राइट’ होते. डावी कडच हवी असा हट्ट असेल तर लॅपटॉप उचलून मॉनिटरच्या उजवीकडे ठेवावा आणि मांडणीतही तसाच बदल करावा. टेबलावर लॅपटॉप डावीकडेच ठेवून मांडणीत मात्र तो उजवीकडे दाखवण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती मी केली होती. डॉक हवा तिथे आला, पण कर्सर डावीकडे नेण्यासाठी उजवीकडे ढकलावा लागू लागला, आणि एका दिवसाच्या आत मी मांडणी पूर्ववत केली. डॉकसाठी कर्सरची दिशा कधीही बिघडवू नका.

डॉक खालीच ठेवायचा असेल तर नियम वेगळे आहेत. मॅकवर ‘डिस्प्लेज हॅव सेपरेट स्पेसेस’ हा, प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र डेस्कटॉप देणारा, पर्याय चालू असताना खालचा डॉक कोणत्याही एका मॉनिटरला बांधलेला नसतो. ज्या स्क्रीनवर तो हवा, तिच्या खालच्या कडेपर्यंत कर्सर न्या आणि तिथेच क्षणभर आणखी खाली ढकलत राहा, म्हणजे डॉक तिकडे येतो. नकळत कर्सर खाली टेकला तरी हेच घडते. डॉक स्वतःहून इकडेतिकडे पळतो, या तक्रारीचे मूळ त्यात आहे. तो पर्याय बंद करून लॉग आउट केल्यावर डॉक मुख्य मॉनिटरवर स्थिरावतो, पण त्याची किंमत मोठी आहे: एका मॉनिटरवर एखादे ॲप फुल स्क्रीन केले की दुसरा मॉनिटर काळा होतो. फुल स्क्रीनचा वापर करणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. बाजूचा डॉक मात्र असा पळत नाही, आणि दोन मॉनिटर असणाऱ्यांना मी बाजूचा डॉक सुचवतो त्याचे हे दुसरे कारण.

मॉनिटर वर आणि लॅपटॉप त्याच्या खाली अशी मांडणी असेल, तर वरच्या मॉनिटरची खालची कड अंशतः आतली होते आणि कर्सर तिथून लॅपटॉपवर घसरतो. मोठा मॉनिटर लॅपटॉपहून रुंद असेल तर त्याच्या खालच्या कडेचा काही भाग लॅपटॉपच्या बाहेर उरतो. कर्सर त्या मोकळ्या भागात टेकवा. तसा भाग उरत नसेल तर मांडणीत लॅपटॉपचा आयत थोडा बाजूला सरकवून तो तयार करा.

आकार आणि लपणे

बाजूच्या कडेची लांबी कमी असल्यामुळे आयकॉन जास्त झाले की डॉक आपोआप बारीक होतो. रोज न लागणारे आयकॉन बाहेर ओढून काढून टाका. मॅग्निफिकेशन बंद ठेवा, कारण कर्सर जवळ आल्यावर फुगणारे आयकॉन बाजूच्या डॉकमध्ये विंडोतील मजकुरावर येतात.

आपोआप लपणारा डॉक मी फक्त लहान लॅपटॉपवर, आणि तोही दुसरा मॉनिटर जोडलेला नसताना वापरतो. मॅकवर ऑप्शन, कमांड आणि डी या तीन कळा एकत्र दाबल्या की लपणे चालू किंवा बंद होते, त्यामुळे मॉनिटर जोडताना आणि काढताना सेटिंग्ज उघडावी लागत नाहीत. लपणारा डॉक डावीकडे असेल तर विंडो कडेला पूर्ण चिकटवू नका. मॅकवर विंडो बंद करण्याचे लाल बटण डाव्या कोपऱ्यात असते आणि त्याकडे जाताना कर्सर कडेला लागला की डॉक मध्येच बाहेर येतो. विंडो कडेपासून बोटभर आत ठेवली की हा अडथळा राहत नाही.