एजंट चुकीचं टूल उचलतो? आधी वर्णन तपासा (माझा अनुभव)

लक्षण: दुकानाच्या एआय एजंटला (गरजेप्रमाणे टूल्स, म्हणजे कोडमधली फंक्शन्स, चालवणारं मॉडेल) 'माझी ऑर्डर कुठंय?' विचारलं की तो ग्राहक शोधायचं टूल चालवायचा. तारीखही उलटी, ३ एप्रिलचा ४ मार्च.

सिस्टम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या कायमच्या सूचनांत) दटावलं, टेम्परेचर (उत्तरातला यादृच्छिकपणा) शून्यावर आणलं, मॉडेल बदललं. दोन रात्री फुकट गेल्या. शेवटी कळलं, ऑर्डर पाहायचं आणि ग्राहक शोधायचं अशा दोन्ही टूल्सचं वर्णन एकच होतं: 'माहिती शोधते'. मॉडेलला आतला कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटर्स (टूलला द्यायच्या माहितीचे रकाने) पाहूनच ते निवडतं.

चाललं ते या क्रमाने. आधी नावं वेगळी केली: 'ऑर्डर_स्थिती' आणि 'ग्राहक_शोध' (कोडमध्ये अर्थात रोमन लिपीत). मग वर्णनात टूल काय परत देतं ते लिहिलं, आणि कधी वापरू नये हेही; ऑर्डर_स्थितीसाठी: 'ऑर्डर क्रमांक असेल तरच वापरा. फक्त फोन नंबर असेल तर आधी ग्राहक_शोध.' या एका ओळीनं निम्मं दुखणं गेलं. नंतर पॅरामीटरच्या नुसत्या 'आयडी' या नावाचं 'ऑर्डर_क्रमांक' केलं आणि तारखेपुढे 'वर्ष-महिना-दिवस, उदा. २०२५-०४-०३' घातलं. शेवटी एरर मेसेज: 'अवैध इनपुट' काढून 'तारीख २०२५-०४-०३ अशी द्या'. आता एजंट चुकलाच, तर बहुतेकदा पुढच्या कॉलला स्वतःच सुधारतो.