वसाहतीतलं प्रातिनिधिक सरकार : अभ्यास करताना आणि लिहिताना या चुका टाळा

‘१७५८ साली नोव्हा स्कॉशियात निवडून आलेली सभा भरली आणि लोकांच्या हाती सत्ता आली.’ अशा अर्थाचं वाक्य मी विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये पुष्कळदा वाचलं आहे. कधी वसाहतीचं नाव वेगळं असतं, कधी साल वेगळं असतं, चूक मात्र तीच. वाक्याचा पहिला भाग बरोबर आहे. दुसरा भाग नोव्हा स्कॉशियापुरता बोलायचं तर नव्वद वर्षं आधीच लिहून टाकलेला असतो.

नोव्हा स्कॉशिया म्हणजे आजच्या कॅनडाचा अटलांटिक किनाऱ्यावरचा प्रांत, राजधानी हॅलिफॅक्स. हे शहर १७४९ मध्ये एडवर्ड कॉर्नवॉलिसने वसवलं. टिपूविरुद्ध मराठ्यांबरोबर लढलेल्या लॉर्ड कॉर्नवॉलिसचा हा काका. ब्रिटिश वसाहतीत प्रातिनिधिक सरकार कसं उभं राहिलं हे शिकायला मी नेहमी याच प्रांतापासून सुरुवात करतो, कारण इथे प्रत्येक टप्पा सुटा दिसतो. तो सुटा न पाहिल्यामुळे ज्या चुका होतात, त्यांतल्या मोठ्या चुका इथे मांडतो.

‘प्रातिनिधिक’ आणि ‘जबाबदार’ एकच समजणं

ही सगळ्यांत मोठी चूक. बाकीच्या निम्म्या चुका हिच्यातूनच येतात. प्रातिनिधिक सरकार म्हणजे कायदे करणाऱ्या सभागृहात लोकांनी निवडलेली माणसं असणं. जबाबदार सरकार म्हणजे कारभार करणारे मंत्री त्या सभागृहाच्या विश्वासावर टिकणं आणि विश्वास गेला की पायउतार होणं. पहिलं असून दुसरं नसण्याची अवस्था ब्रिटिश वसाहतींमध्ये अनेक पिढ्या चालली.

२ ऑक्टोबर १७५८ ला हॅलिफॅक्समध्ये जी सभा भरली, तिच्यात २२ जागा होत्या : १६ संपूर्ण प्रांतातून, ४ हॅलिफॅक्समधून आणि २ लुनेनबर्ग गावातून. पण गव्हर्नर लंडनहून नेमलेला. त्याच्या जोडीला बारा जणांचं नेमलेलं मंडळ. हेच मंडळ गव्हर्नरला कारभारात सल्ला देई आणि हेच वरिष्ठ सभागृह म्हणून निवडलेल्या सभेची विधेयकं अडवी. बैठका बंद दाराआड चालत. मोठे व्यापारी, न्यायाधीश, बिशप अशी ही माणसं. सभेने कितीही ठराव केले तरी त्यांची खुर्ची हलत नसे.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण चार पेनींचं आहे. परदेशी ब्रँडीवर गॅलनला एक शिलिंग चार पेनी कर घ्यायचा असं सभेने ठरवलेलं होतं, प्रत्यक्षात वसुली एकच शिलिंग होत होती. १८३० मध्ये हे सभेच्या लक्षात आलं आणि तिने आपला मूळ दर स्पष्ट करणारं विधेयक केलं. बारा जणांच्या मंडळाने ते फेटाळलं. सभा हटेना, मंडळ हटेना, आणि महसुलाचा कायदाच लटकला. कर बसवण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींचा की नेमलेल्यांचा, हा खरा प्रश्न होता. त्याच वर्षी निवडणूक झाली, सभेची बाजू घेणारे निवडून आले आणि मंडळाला नमतं घ्यावं लागलं. पण मंडळ होतं तिथेच राहिलं. निवडणूक हरूनही सत्ता न सोडणारी माणसं त्या व्यवस्थेत कायदेशीरच होती, कारण ती निवडणुकीला उभीच नव्हती.

पुढचा रस्ता जोसेफ हाऊ या पत्रकाराने उघडला. १८३५ च्या पहिल्याच दिवशी त्याने आपल्या वर्तमानपत्रात एक पत्र छापलं : हॅलिफॅक्सचे दंडाधिकारी तीस वर्षांत तीस हजार पौंड गरिबांच्या खिशातून काढून बसले आहेत. त्याच्यावर बदनामीचा फौजदारी खटला झाला. वकील न घेता तो सहा तासांहून जास्त बोलला, आणि ज्युरीने त्याला दहा मिनिटांत सोडलं. पुढच्या वर्षी तो सभेवर निवडून आला. १८३८ मध्ये बारा जणांचं मंडळ दुभंगून कारभार पाहणारं कार्यकारी मंडळ आणि वरिष्ठ सभागृह म्हणून बसणारं विधानमंडळ वेगळं झालं. १८४७ ची निवडणूक जबाबदार सरकार मागणाऱ्या सुधारकांनी जिंकली. सभा भरताच जानेवारी १८४८ मध्ये जुन्या मंडळावर अविश्वासाचा ठराव झाला आणि २ फेब्रुवारीला जेम्स बॉइल युनिॲकचं मंत्रिमंडळ अधिकारावर आलं. ब्रिटनच्या सागरापारच्या वसाहतींमधलं हे पहिलं जबाबदार सरकार. १७५८ ते १८४८ हा नव्वद वर्षांचा काळ एका ‘आणि’ मध्ये गडप करू नका.

‘लंडनने दिलं’ किंवा ‘लोकांनी लढून मिळवलं’ एवढ्यावर थांबणं

१७५८ च्या सभेबद्दल या दोन्ही कथा सांगितल्या जातात. न्यू इंग्लंडमधून, म्हणजे आजच्या अमेरिकेच्या ईशान्येकडच्या ब्रिटिश वसाहतींमधून, आलेले व्यापारी आपल्या जुन्या वसाहतींप्रमाणे सभा मागत होते, हे खरं. गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स टाळाटाळ करत होता आणि वसाहतींवर देखरेख करणाऱ्या लंडनच्या सरकारी व्यापार मंडळाने त्याला भाग पाडलं, हेही खरं. पण मधला दुवा कायद्याचा आहे आणि बहुतेक लेखांतून तोच गळतो.

कॉर्नवॉलिसला दिलेल्या सनदेत कायदे करण्याचा अधिकार गव्हर्नर, मंडळ आणि सभा या तिघांना मिळून होता. सभा तर भरलीच नव्हती. मग १७४९ पासून गव्हर्नर आणि मंडळाने केलेल्या कायद्यांचं काय? हा प्रश्न सरन्यायाधीश जोनाथन बेल्चरच्या काळात ऐरणीवर आला. १७५५ मध्ये ब्रिटनचा ॲटर्नी जनरल विल्यम मरे आणि त्याच्या सहकाऱ्याने मत दिलं की सभेशिवाय त्यांना कायदे करता येत नाहीत. म्हणजे न्यायालयांचे आधीचे निकालसुद्धा लटकते झाले. सभा भरल्यावर तिने केलेला पहिला कायदा कोणता ते पाहा : आधीच्या न्यायालयीन कामकाजाला मान्यता देणारा.

हाच मरे पुढे लॉर्ड मॅन्सफिल्ड झाला. १७७४ मध्ये ग्रेनाडा बेटावरच्या एका कराच्या खटल्यात त्याने निकाल दिला की राजाने एकदा वसाहतीला सभा देण्याचं जाहीर केलं की तिथे नुसत्या राजाज्ञेने कर बसवता येत नाही. म्हणून कोणत्याही वसाहतीचा अभ्यास करताना आधी विचारा : ही वसाहत ब्रिटिशांनी वसवलेली की जिंकलेली वा तहात मिळालेली? सनदेत काय लिहिलं होतं? उत्तर अनेकदा तिथेच सापडतं.

‘लोक’ कोण, हे न विचारणं

१७५८ ची सभा भरली ती जमीन रिकामी नव्हती. १७५५ पासून ब्रिटिशांनी फ्रेंच भाषक कॅथलिक अकेडियन लोकांना जहाजांत भरून हद्दपार केलं. १७६३ पर्यंत दहा हजारांहून जास्त माणसं उखडली गेली. ती मोहीम चालवणारा गव्हर्नर हाच लॉरेन्स. सभा सुरू झाली त्याच ऑक्टोबरमध्ये त्याने न्यू इंग्लंडमध्ये जाहीरनामा काढून वसाहतकऱ्यांना जमीन घ्यायला बोलावलं, आणि जानेवारी १७५९ च्या दुसऱ्या जाहीरनाम्यात निवडलेल्या सभेची हमी दिली. नव्या रहिवाशांसाठी सभा हे आमिष होतं. ही सभा आणि ती हद्दपारी वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत : नव्या सभेने सुरुवातीलाच केलेल्या कायद्यांत अकेडियनांच्या जमिनीवर नव्या मालकांचा ताबा पक्का करणारे कायदे होते.

मतदार म्हणजे जमीन असलेला प्रोटेस्टंट. कॅथलिकांना मत मिळालं १७८९ मध्ये. कॅथलिकविरोधी शपथ न घेता सभेत बसणारा पहिला सदस्य, लॉरेन्स कॅव्हना, १८२३ चा. मूळचे मिकमॉ लोक या हिशेबात कुठेच नव्हते.

न्यूझीलंडमध्ये प्रातिनिधिक सरकार आणणाऱ्या १८५२ च्या कायद्यात तिथल्या मूळच्या माओरींना नावाने वगळलेलं नव्हतं. पण मताला वैयक्तिक मालमत्ता लागे आणि माओरी जमीन सामुदायिक होती. चार माओरी जागा आल्या त्या १८६७ मध्ये. कायद्याचं कलम वाचून थांबू नका. ती अट त्या गावात कोणाला लागू पडत होती, ते शोधा.

हक्क पुढेच जातात असं धरून चालणं

हे तर वारंवार होतं. कालरेषा काढली की ती चढतीच असणार, असं आपल्याला वाटतं. नोव्हा स्कॉशियाने १८५१ च्या कायद्यात ‘पुरुष’ हा शब्द घालून स्त्रियांना स्पष्टपणे वगळलं. १८५४ मध्ये जवळजवळ सर्व प्रौढ पुरुषांना मत दिलं, आणि १८६३ मध्ये मालमत्तेची अट परत आणली. स्त्रियांना मत मिळालं १९१८ मध्ये.

जमैकात १६६० च्या दशकापासून सभा होती. १८६५ च्या काळ्या रहिवाशांच्या मोरंट बे उठावानंतर गोऱ्या मळेवाल्यांच्या त्या सभेने स्वतःच स्वतःला बरखास्त केलं आणि पुढच्या वर्षी बेट थेट राजाच्या कारभाराखाली गेलं. दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत १८५३ ची मताची अट २५ पौंडांच्या मालमत्तेची होती, वर्णाची नव्हती. १८९२ मध्ये ती ७५ पौंड केली, म्हणजे काळ्या मतदारांची वाढती संख्या रोखता येईल. तेव्हा ‘कधी मिळालं’ याच्या जोडीला ‘कधी काढून घेतलं’ हा रकानाही वहीत ठेवा.

हीच मोजपट्टी मुंबईला आंधळेपणाने लावणं

आपल्याकडच्या लेखांत ही चूक नेहमीची. १८६५ च्या एका ब्रिटिश कायद्यात ‘प्रातिनिधिक विधिमंडळ’ म्हणजे ज्याच्या सभागृहातले निम्मे सदस्य रहिवाशांनी निवडलेले, अशी व्याख्या आहे. पण त्याच कायद्यातल्या ‘वसाहत’ या शब्दातून ब्रिटिश हिंदुस्थान वगळला आहे. आपण राजकीय अर्थाने वसाहत होतो यात शंका नाही. कायद्याच्या भाषेत मात्र आपल्यासाठी वेगळी चौकट होती, आणि ती जास्त आवळलेली होती.

मुंबईची कायदे कौन्सिल जानेवारी १८६२ मध्ये भरली, तिच्यात जगन्नाथ शंकरशेट होते. पण ते नेमलेले. सदस्यांना प्रश्न विचारण्याचाही हक्क नव्हता. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारता येऊ लागले, अर्थसंकल्पावर बोलता येऊ लागलं, पण मतदान करता येत नव्हतं. त्या कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्दच नाही : नगरपालिका, लोकल बोर्ड, विद्यापीठ यांनी नावं सुचवायची आणि सरकारने नेमायची. १८९५ मध्ये टिळक कौन्सिलात गेले ते याच वाटेने. त्यांना ‘जनतेने थेट निवडून दिलं’ असं लिहू नका.

आणखी एक गोंधळ. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेत गेले, म्हणून हिंदुस्थानला तिथे प्रतिनिधित्व होतं असं समजलं जातं. दादाभाईंना निवडलं लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी. ब्रिटिश वसाहतींना वेस्टमिन्स्टरमध्ये जागाच नव्हत्या. शेजारच्या गोव्याची रीत निराळी होती. पोर्तुगीजांनी १८२० च्या दशकातच गोव्यातून लिस्बनच्या संसदेसाठी प्रतिनिधी निवडू दिले होते.

१९१९ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलात किमान ७० टक्के सदस्य निवडलेले आले. शिक्षण, आरोग्यासारखी सोपीव खाती मंत्र्यांकडे गेली. पोलीस, जमीन महसूल, अर्थ ही राखीव खाती मात्र गव्हर्नरकडेच राहिली. त्यामुळे १९२१ च्या मुंबईला ‘प्रातिनिधिक’ म्हणा. ‘जबाबदार’ म्हणायचं तर कोणत्या खात्यापुरतं, ते लिहा.

कुठेही अडखळलात तर तीन गोष्टी पडताळून पाहा. सभागृहातले निम्म्याहून जास्त निवडलेले आहेत का? पैसा मंजूर करण्याचा शेवटचा शब्द त्यांचा आहे का, की काही महसूल त्यांच्या हाताबाहेर ठेवला आहे? आणि सभागृहाने अविश्वास दाखवला तर कारभारी जातात का? जबाबदार सरकारचं साल ठरवायचं ते तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून.

मुंबईत १९३७ मध्ये हे तीनही प्रश्न काही महिन्यांत एकापाठोपाठ समोर आले. निवडणुकीत सगळ्यांत मोठा ठरलेला काँग्रेस पक्ष सुरुवातीला पद घ्यायला तयार नव्हता, म्हणून गव्हर्नरने धनजीशा कूपर यांचं मंत्रिमंडळ एप्रिलमध्ये बसवलं. त्यांच्यामागे बहुमत नव्हतं. काँग्रेस पद घ्यायला तयार झाल्यावर जुलैत तिचे बाळ गंगाधर खेर मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबर १९३९ मध्ये हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि १९३५ च्या कायद्याच्या ९३ व्या कलमाने सगळे अधिकार गव्हर्नरकडे गेले. १९४६ मध्ये खेर परत येईपर्यंत मुंबई प्रांताचे कायदे गव्हर्नरच्या एका सहीने होत राहिले.