रोख रक्कम लपवू नका, जाहीर करा

परदेशात उतरताना जवळ मोठी रोकड असेल तर ती कस्टम्सला सांगायला घाबरू नका. बहुतेक देशांत पैसे नेण्यावर बंदी नसते. ठरावीक रकमेपुढे ते कळवायचे असतात आणि त्यावर कर लागत नाही. युरोपीय संघात ही रक्कम 10,000 युरो किंवा अधिक, तर अमेरिकेत 10,000 डॉलरच्या वर. यात ट्रॅव्हलर्स चेकही धरले जातात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. शिवाय अमेरिकेत एकत्र फॉर्म भरणाऱ्या कुटुंबाची रक्कम मिळून मोजतात, त्यामुळे चार पाकिटांत वाटून काही साधत नाही. न सांगता सापडले तर पैसे जप्त होऊ शकतात. एका फॉर्मसाठी एवढी जोखीम कशाला?

वस्तूंचे गणित वेगळे. बाहेरून विमानाने युरोपीय संघात जाणाऱ्या प्रौढाला 430 युरोपर्यंतच्या वस्तू करमुक्त नेता येतात; पण एकाच महागड्या वस्तूची किंमत दोघांत विभागता येत नाही. सिगारेटवर सिंगापूर अजिबात सूट देत नाही, अगदी ड्यूटी फ्रीमध्ये घेतलेल्या पाकिटावरही. मांस आणि दुधाचे पदार्थ तर घरीच ठेवा.

महागडा कॅमेरा किंवा लॅपटॉप नेत असाल तर खरेदीची पावती सोबत हवीच, म्हणजे परतताना तो नवा समजून कर मागितला जाणार नाही. चलन बदलल्याच्या पावत्याही जपा. काही देशांत उरलेले स्थानिक चलन परत बदलताना त्या मागतात. शंका असेल तर कस्टम्सच्या लाल मार्गिकेतून, म्हणजे काही जाहीर करायचे असणाऱ्यांच्या रांगेतून जा आणि थेट विचारा.